बाळाला रात्री पाजून झोपवायचं कसं

गेल्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्याला भाचीकडे गेले होते. रात्रीचे पावणेनऊ झाले होते, कूलर घरघरत होता आणि दोन महिन्यांचं बाळ तिच्या पदराखाली डोळे अर्धवट मिटून दूध ओढत होतं. तेवढ्यात तिच्या आतेसासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अंगावर झोपवून राहिली का गं त्याले? सवय लागून जाईन, मंग सोडनार नाही." भाचीनं घाईघाईनं बाळाला सोडवून खांद्यावर घेतलं. ते खडबडून जागं झालं आणि पुढचा दीड तास रडत राहिलं. साडेदहाला मी तिला म्हटलं, "पाज त्याला." बाळ सहा-सात मिनिटांत झोपलं. भाची मात्र कितीतरी वेळ गुपचूप डोळे पुसत होती.

बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली आणि माझी दोन्ही लेकरं अंगावर पिऊनच झोपायची. भाचीच्या घरचा हा प्रसंग मी कितीतरी घरांत पाहिला आहे. पूर्वी आजीबाई सांगायच्या, आता मोबाईलवरही तेच सांगतात की बाळाला पाजून झोपवलं तर ते बिघडतं. माझं स्पष्ट मत आहे की नाही बिघडत. पाजून झोपवणं ही आईच्या हातातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ती सुरक्षितपणे कशी करायची आणि हवं तेव्हा हळूहळू सैल कशी करायची, एवढं मात्र शिकून घ्यावं लागतं.

आधी हे समजून घ्या की बाळ पिता पिता झोपतं का. दूध पोटात जाऊ लागलं की बाळाच्या शरीरात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानं पोट भरल्याचं समाधान येतं आणि गुंगीही येते. इकडे आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून पाजताना तुमचेही डोळे जड होतात. रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतं. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन ठरावीक वेळी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला रात्र झाल्याचं कळतं ते तुमच्या दुधातून. (नोकरीसाठी दूध काढून ठेवत असाल तर डब्यावर वेळ लिहा आणि रात्री काढलेलं शक्यतो रात्रीच द्या.)

संध्याकाळचं सारखं सारखं पिणं

दिवेलागणीपासून दहापर्यंत लहान बाळं सारखी प्यायला मागतात. दहा मिनिटं पितात, सोडतात, कुरकुरतात, पुन्हा मागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे अगदी नेहमीचं आहे. त्यातही दोन-तीन आठवड्यांच्या, दीड महिन्याच्या आणि तीन महिन्यांच्या सुमारास बाळाची वाढ जोरात असते, तेव्हा हे पिणं आणखी वाढतं. नेमक्या याच वेळी घरात कोणीतरी म्हणतं, "दूध पुरत नाही तिले," आणि डब्याचं दूध येतं. ते प्यायल्यावर बाळ अंगावर कमी पितं, आणि कमी प्यायलं की दूध खरंच कमी होतं.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ २४ तासांत निदान ६ वेळा भरपूर लघवी करतं का, जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून आलं का आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढतंय का, हे बघा. हे तिन्ही ठीक असेल तर संध्याकाळी दोन तास गादीवर बसून पाजत राहा. पोळ्या दुसऱ्या कोणीतरी लाटाव्यात.

पण एका बाबतीत सावध राहा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं बाळ तोंड लावल्या लावल्या दोन मिनिटांत झोपत असेल तर ते पोट भरल्यामुळे झोपलेलं नसतं, पिऊन दमलेलं असतं. कावीळ असलेली, कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली बाळं असं हमखास करतात. त्याचं दुपटं काढा, तळपायाला गुदगुल्या करा, पाठ चोळा. दूध ओढायचं थांबलं की स्तन हातानं हलकेच दाबा, धार तोंडात गेली की ते पुन्हा गिळू लागतं. वजन नीट वाढायला लागेपर्यंत असं बाळ रात्रीही तीन तासांवर झोपू द्यायचं नाही.

खोली: नवतप्यात, पावसात, थंडीत

पुण्या-मुंबईच्या बायकांना हा भाग कदाचित लागणार नाही, आपल्याला नागपूरकडे लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या राहतात आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर पहाटेशिवाय गारवा नाही. कूलर लावाच, पण त्याची हवा सरळ बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका. तोंड भिंतीकडे किंवा वर फिरवा. समोरची एखादी खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर खोलीत दमट हवा साचते आणि बाळ चिकचिकून उठतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. आणि कूलरचं अर्थिंग तपासून घ्या. रात्री ओल्या हातानं, अनवाणी कूलरला हात लावू नका. आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, आणि बाळंतीण रात्री झोपेतच उठत-बसत असते.

अंगात पातळ सुती झबलं पुरे. बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, ते एरवीही गारच असतात. मानेच्या मागे आणि छातीवर बोटं टेकवून बघा. घाम लागला तर एक कपडा कमी करा.

पाणी देऊ नका. "एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकते," असं म्हणून वाटी-चमचा घेऊन येणाऱ्या आजी मनापासून काळजी करत असतात, त्यांच्याशी भांडू नका. पण सहा महिन्यांपर्यंत साधं पाणी, ग्लुकोजचं पाणी, घुटी, मध यातलं काहीच नको. मध तर वर्षभर नको. आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पितं आणि त्याची तहान त्यातच भागते. पाणी तुम्ही प्या. पाजायला बसताना तांब्या-भांडं हाताशी ठेवायचं.

पावसाळ्यात कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा नुसता पंखा आणि मच्छरदाणी. डासांची अगरबत्ती बाळाच्या खोलीत नको, तिचा धूर सिगारेटच्या धुराइतकाच वाईट. डिसेंबर-जानेवारीत रात्री ८-१० अंशांपर्यंत उतरतात तेव्हा एक थर जास्त घाला, पण घरात झोपताना टोपडं काढून ठेवा, कारण अंगातली जास्तीची बरीचशी उष्णता बाळ डोक्यातून बाहेर टाकतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. शेक झाला की ती बाहेर न्या आणि दार उघडा.

रोज तोच क्रम

तीन महिन्यांच्या आत वेळापत्रकाचा हट्ट धरू नका. त्यानंतर मात्र रोजचा एकच क्रम ठेवला तर फार फरक पडतो. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडानं अंग पुसणं, लंगोट बदलणं, झबलं, मोठा दिवा बंद, झिरोचा बल्ब, अंगाई आणि मग पाजणं. घड्याळ अर्धा तास मागे-पुढे झालं तरी चालेल, क्रम मोडू नका. दोन खोल्यांच्या घरात समोर टीव्ही चालू असतो, पोरं धिंगाणा घालत असतात. सगळं घर चिडीचूप करायची गरज नाही. टीव्हीचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा पडदा ओढा, एवढं पुष्कळ झालं.

कुशीवर झोपून पाजणं

रात्री बसून पाजण्यापेक्षा कुशीवर झोपून पाजणं सोपं आहे. सिझर झालेल्या बाईला तर हे देवासारखं धावून येतं, कारण टाक्यांवर वजन येत नाही. पण आपल्याकडे याला मोठा विरोध होतो: "झोपून पाजू नको, कानात दूध जाते, कान फुटते." ही भीती बाटलीला जास्त लागू पडते. उताणं झोपवून बाटली दिली की दूध आपोआप घशात साचत राहतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड तुमच्याकडे वळलेलं असतं आणि ओढलं तरच दूध येतं. त्याचं डोकं शरीराच्या किंचित वर राहील असं बघा.

तुम्ही डाव्या कुशीवर आहात असं धरून सांगते. डोक्याखाली उशी घ्या, पाठीमागे एक तक्क्या किंवा घडी केलेली गोधडी टेकवा म्हणजे कंबर भरत नाही. गुडघे थोडे दुमडा. बाळालाही कुशीवर तुमच्याकडे तोंड करून ठेवा, त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून पिणारं बाळ थोड्या वेळात चिडतं. त्याचं नाक बोंडासमोर आणा, तोंड नाही. म्हणजे ते मान किंचित मागे टाकून मोठा आ करेल. आ झाला की उजव्या हातानं त्याची पाठ जवळ ओढा. डोकं ढकलायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, गाल फुगीर, आणि गिळण्याचा बारीक आवाज, असं दिसलं की बरोबर लागलंय. चुटक-चुटक आवाज येत असेल किंवा सुई टोचल्यासारखं दुखत असेल तर सोडवून पुन्हा लावा. दात-ओठ खाऊन सहन करू नका. तसं केलं की तिसऱ्या दिवशी चिरा पडतात.

डावा हात बाळाच्या डोक्याच्या वरून घ्या. तुम्हाला डुलकी लागली तरी तो हात तुम्हाला पुढे कलंडू देत नाही. बाळाच्या पाठीशी दुपट्याची गुंडाळी लावली असेल तर पिणं संपताच ती काढा. दुसऱ्या बाजूनं पाजायला अख्खं वळायचं नसेल तर थोडं पुढे झुकून वरचा स्तन द्या. चार-पाच रात्रींत जमून जातं.

झोप लागणार हे धरूनच जागा तयार करा

मी हे सगळ्यात कळकळीनं सांगते. वॉर्डात मी एक बाई पाहिली होती. बाळाला घेऊन पलंगावर झोपायला घरच्यांनी बंदी केली होती म्हणून ती रात्री सोफ्यावर बसून पाजायची. एका रात्री तिचा डोळा लागला आणि बाळ तिच्या कुशीतून सोफ्याच्या गादीच्या फटीत सरकलं. ती वेळेत जागी झाली म्हणून बाळ वाचलं. सोफा, दिवाण, आरामखुर्ची यांवर रात्री पाजायला बसूच नका. डोळे मिटू लागले तर सरळ खाली गादीवर या.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे बाळाची वेगळी जागा, तुमच्या हाताच्या अंतरावर, तुमच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने. जागेपणी पाजा आणि मग तिथे उताणं ठेवा. पण पाजता पाजता आईला झोप लागतेच, म्हणून तुमचं अंथरुणही तयारच ठेवा. जमिनीवर घातलेली घट्ट गादी उत्तम, पडायची भीती नाही. भिंतीला फट नको. बाळाच्या जवळपास उशी, रजई, लोड नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशीही नको. केस बांधा, ओढणी बाजूला ठेवा, लांब मंगळसूत्र काढून ठेवा. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा आणि ताईत रात्री तरी काढायला लावा. फारच आग्रह असेल तर दोरा घरातल्या देवापाशी ठेवा. बाळ आईच्या एका बाजूला असावं, आई-बाबांच्या मधे नाही, आणि मोठं भावंडही त्याच्या शेजारी नको. तुमच्याजवळ झोपणाऱ्या बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळू नका.

घरात कोणी सिगारेट-विडी ओढत असेल, झोपणाऱ्यांपैकी कोणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर एका अंथरुणावर अजिबात नको. पाजा, आणि शेजारच्या वेगळ्या गादीवर ठेवा. झोळीबद्दलही सांगते. दिवसा समोर बसून अर्धा तास झोका देणं वेगळं. रात्रभर झोळीत झोपवलं तर हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो.

हळूच सोडवण्याची कला

"झोपतो, पण खाली ठेवला की उठतो," असं जवळजवळ प्रत्येक आई सांगते. याचं कारण त्याच्या झोपेत आहे. नवजात बाळ झोपताना आधी हलक्या झोपेत जातं. पापण्या थरथरतात, ओठ हलतात, मधेच हसू येतं. गाढ झोप लागायला १५-२० मिनिटं जातात. तोवर उचललं की ते उठणारच.

म्हणून पिण्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला लांब ओढ, गिळणं, लांब ओढ, गिळणं असं चालतं. मग गिळणं थांबतं आणि ओठांची नुसती बारीक थरथर उरते. तेव्हा बाळाची मूठ बघा. भुकेलं बाळ मुठी आवळून पितं, पोट भरत आलं की बोटं एकेक सुटतात. त्याचा हात हलकेच उचलून सोडा, ओल्या कापडासारखा गळून पडला तर वेळ झाली. मग करंगळी स्वच्छ करून ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे सरकवा, पकड सुटेल. ओढून काढू नका. बाळ तोंड शोधू लागलं तर त्याच्या हनुवटीखाली बोट टेकवून दोन-चार क्षण तोंड मिटतं ठेवा. तरी शोधत राहिलं तर पुन्हा द्या, मिनिटभरानं परत सोडवा. पहिल्या रात्री पाच वेळा करावं लागेल, दहाव्या रात्री दोन वेळा.

कुशीवर असाल तर बाळाला तिथेच अलगद उताणं करा आणि आपण मागे सरका. हात मात्र लगेच काढू नका, त्याच्या छातीवर दोन मिनिटं राहू द्या. बसून पाजलं असेल तर खाली ठेवताना आधी पाय आणि कुल्ले, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं टेका. उलटं केलं की बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि ते दोन्ही हात फेकून दचकतं. थंडीत जागा गार असते, म्हणून तिथे आधी तुमचा तळहात ठेवून ऊब द्या.

ढेकर काढण्यासाठी झोपलेल्या बाळाला अर्धा तास थोपटत बसायची गरज नाही. खांद्यावर दोन-तीन मिनिटं घ्या. आली तर आली. ओकणारं किंवा फार गिळगिळ करून पिणारं बाळ असेल तर थोडा वेळ उभं धरा.

मध्यरात्री

लगेच उचलू नका. लहान बाळं झोपेतही कण्हतात, पाय झाडतात, एखादा हुंदका देतात. अर्धा मिनिट ऐका. तोंड फिरवून शोधत असेल तर रडण्याआधीच पाजा, रडवेलं झालेलं बाळ नीट पकडत नाही. मोठा दिवा लावू नका. लंगोट फक्त शी झाली असेल किंवा गच्च भिजला असेल तरच बदला, तोही एका बाजूचं पिणं झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या बाजूला पिता पिता बाळ परत झोपतं.

चार महिन्यांच्या सुमारास झोपेची घडण बदलते आणि दोन-तीन तास झोपणारं बाळ तासाला उठू लागतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. काही आठवड्यांत हे ओसरतं.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, उठवूनही न पिणं, लघवी कमी होणं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना. तुमच्या स्तनात लाल, कडक, दुखरा भाग आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं बंद करू नका. आणि बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाबद्दल भीतीदायक विचार येत असतील, तर घरच्यांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

आईशिवायही झोप

२०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती संपली आणि मिहान, बुटीबोरीच्या कंपन्यांत जाणं-येणं सुरू झालं की बाळं दिवसा कमी आणि रात्री जास्त पितात. त्यांना दिवसभराची आईही हवी असते. अशा वेळी जवळ झोपून पाजणंच दोघांना झेपतं.

रजा संपायच्या महिनाभर आधी दिवसाची एक झोप बाबांकडे किंवा आजीकडे द्या. त्यांचा क्रम वेगळा असू द्या: खांदा, गच्चीवर दोन चकरा, त्यांचं स्वतःचं गाणं. तुम्ही तेव्हा खोलीत थांबू नका, दुधाचा वास आला की बाळ ऐकत नाही. बाळाला लवकरच कळतं की आई आली की दूध आणि आजोबा आले की खांदा, आणि ते दोन्हीत झोपू लागतं.

सैल करायचं झालं तर

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. त्यामुळे घाई नाही. वर्षाच्या पुढे तुम्हालाच थकवा आला असेल तर आधी क्रम बदला: दूध, मग दात, मग गोष्ट, मग झोप. दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दिवसातून दोनदा घासायचेच असतात, ते दुधानंतर आलं की दातांनाही बरं. आठवडाभरात ते रुळलं की मध्यरात्रीचं एक पिणं कमी करा. आधी त्याचा वेळ मिनिटा-दोन मिनिटांनी घटवा, मग थोपटून बघा. बाळ आजारी असेल, दात येत असतील, घर बदललं असेल तर तो आठवडा सोडून द्या.

माझी लेक २२ महिन्यांची असताना मी हे केलं. तिला संध्याकाळीच सांगून ठेवायचे, "दुदू आता झोपणार, सूर्य आला की उठणार." पहिल्या दोन रात्री ती रडली, मी कुशीत घेऊन थोपटत राहिले. तिसऱ्या रात्री उठून तिनं माझ्या ब्लाउजवर हात ठेवला, "दुदू दोपलं," असं स्वतःच म्हणाली आणि कूस बदलली. पहाटे साडेपाचला खिडकीत उजेड दिसताच मात्र माझा पदर ओढून हजर झाली. पहाटेचं ते पिणं मग आणखी चार महिने चाललं.